बोंबलांची एकी

आधी तो चहा संपवा, नाहीतर ऐकताना सांडाल. माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं, ते सांगतो.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि माझ्या होडीवरचं डिझेल इंजिनही. कोळीवाड्यात पेपर वाचणारा नाखवा मी एकटाच! धक्क्यावर इब्राहिमचाचाच्या हॉटेलात रोज माझं वाचन. त्या दिवशी बातमी होती, तेल काढणाऱ्या देशांनी एकी केली. कंपन्या सांगतील तो भाव आता मुकाट्यानं घ्यायचा नाही!

"बरा केला!" मी बाकड्यावर थाप मारली. "माल त्यांचा, तर भावही त्यांचाच पायजे."

"तू कशाला नाचतोस?" चाचा म्हणाला. "इंजिनात तेल कोण ओततो? भाव चढला की खिसा तुझाच फाटणार."

"चाचा, तुमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलता!"

"मग तू कोण, अरबस्तानचा शेख?"

सगळे खो खो हसले. मला झोंबलं हो! म्हटलं, शेख नाय तर नाय, पण बोंबील तर आपलाच हाय ना? मुंबईचा शेट लाँच घेऊन येतो आणि म्हणेल त्या भावानं माल नेतो. आपणही एकी करू! शेट वाकल्याशिवाय एक बोंबील किनाऱ्याला लागणार नाय!

नाखव्यांनी तिथल्या तिथं नारळावर हात ठेवून शपथ घेतली. पुढारी मी. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण उडालं. खोटं वाटतं? बायकोनं शिवलंय, तिला विचारा.

दुसऱ्या दिवशी होड्या गच्च भरून आल्या आणि हाकेच्या अंतरावर नांगर टाकून उभ्या राहिल्या. किनाऱ्यावर बायका पाट्या घेऊन ताटकळलेल्या. माझी बायको हिराबाय पदर खोचून ओरडली, "अवं, मावरा उतरवा! नासंल सगला! भाव कालच ठरलाय, आमी बायांनी शेटला नमवलाय!"

"तो बायकांचा भाव!" मी इंजिनावर चढून गरजलो. "आता नाखव्यांचा ठरंल!"

लाँचवरचा शेट गालात हसला. "बरं नाखवा, तुमचा भाव बोला. पाटीला किती?"

पाटीला किती? मला काय ठाऊक! आमच्यात मासा वाळूला लागला की तो बायकांचा. बाजार त्यांचा, भाव त्यांचा. जन्मात कधी विचारलं नव्हतं! मी शेजारच्या नाखव्याकडे बघितलं. त्यानं आभाळाकडे बघितलं. हिराला विचारावं? भर किनाऱ्यावर? आणि पुढाऱ्यानं?

"सांगतो," मी म्हणालो. "विचार चाललाय."

विचार दुपारपर्यंत चालला. तेल काय हो, जमिनीच्या पोटात कितीही दिवस बसेल. बोंबलाला कुठली एवढी सबुरी? असा वास सुटला की कावळेसुद्धा लांबूनच बघू लागले. शेट आपला बर्फ घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला.

उतरलो तेव्हा बायका कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हिराबाय उठली. "न्या आता नागावला, नारळीच्या खताला. तथं भाव तुमीच ठरवा, पुढारी!"

नाक दाबून बैलगाडी नागावच्या वाडीत नेली. वाडीवाल्यानं विचारलं, "काय घेणार गाडीचे?"

मी बैल वळवले. "थांबा," म्हटलं, "बायकोला विचारून येतो!"