डावं पायडल

अण्णांनी बोलणं टाकलं त्याला चार महिने होऊन गेले होते, आणि खरं सांगायला मला लाज नाही, त्यातले शेवटचे दोन महिने मी त्यांच्यावर नुसती चिडलेली होते. अण्णा म्हणजे माझे वडील. ऐन मिरगाच्या तोंडावर खुलताबादच्या घरात ते अंघोळीला म्हणून उठले आणि न्हाणीच्या दारातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही. मी त्यांना शहरात माझ्या घरी घेऊन आले.

लेकीच्या घरी. माझ्या मते इथंच सगळं बिनसलं. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण अण्णा माझ्याकडं कधी मुक्कामाला राहिले नाहीत. सकाळी यायचे, चहा घ्यायचे, दुपारच्या गाडीनं घाट चढून परत. "लेकीच्या दारात बापानं लई वेळ टेकू नाय," म्हणायचे. आणि आता तीच लेक त्यांचं अंग पुसत होती, धोतर बदलत होती. पहिल्या दिवशी मी ओला टॉवेल घेऊन गेले तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, ते केलंच.

डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे महिनेच कामाचे, प्रयत्न केला तर वाचाही येईल, पण आत्ता हात-पाय हलवले नाहीत तर अंग आखडून बसेल. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. भल्या होत्या बिचाऱ्या. त्या अण्णांचा उजवा हात उचलायच्या, अण्णा डोळे मिटून घ्यायचे. "आजोबा, माझं बोट धरा." नाही. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट. पातळ वरणाचे चार चमचे पोटात गेले की आमच्याकडं दिवाळी. घट बसले त्या दिवशी बाईंनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाल्या, "ताई, दसऱ्याच्या सकाळी शेवटचं येऊन जाईन. त्यांच्याच मनात नाही. मी नुसतं लाकूड हलवतेय." मला असा राग आला की त्यांना दोन शब्द सुनवावेत. पण त्या खरं तेच बोलत होत्या, आणि मी घाबरले.

माझी सगळी भिस्त तेव्हा एका सायकलवर होती. हसा खुशाल, नवराही हसला होता.

अण्णांनी जन्मभर हातपंप दुरुस्त केले. खुलताबादच्या भोवतालच्या गावांमधला पंप बंद पडला की अण्णांना निरोप. काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल, आणि कॅरिअरवर पान्यांचं बोचकं. उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन वाट बघत उभ्या असायच्या. सुट्टीत मी पुढच्या नळीवर बसून जायची. अण्णा डावा पाय पायडलवर ठेवायचे, दोन रेटे द्यायचे आणि उजवी टांग त्या बोचक्यावरून अलगद पलीकडं. "माय, घट्ट धर," म्हणायचे. मला ते नावानं हाक मारतच नसत. मी त्यांची माय. चार महिने मी तेवढा एक शब्द ऐकायला तरसत होते.

तर आषाढात मी एकटीच खुलताबादला गेले. सायकल घरामागं पत्र्याखाली होती. कोंबड्यांनी तिचं पार खुराडं केलेलं. टायर कुजलेले, साखळी गंजून एक गोळा झालेली, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, आणि डावं पायडल गायब. मी ती तशीच लोडिंग रिक्षात टाकली, पान्यांचं बोचकंही उचललं आणि सायकल शहरात गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत नेऊन उभी केली. तिथं एक म्हातारे उस्ताद अजून जुन्या सायकली करतात, असं कुणी तरी सांगितलं होतं. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाच्या चिमट्याला टिचकी मारली आणि म्हणाले, "लोहा अच्छा है, बाई. होऊन जाईल. मगर घाई नक्को."

घाईच तर होती मला. दर दोन दिवसांनी मी ऑफिस सुटलं की त्यांच्या डोक्यावर जाऊन बसायची. उस्तादांनी चाकातल्या तारा एकेक बदलल्या, छर्रे घासलेटात धुऊन काढले, दांड्या सरळ केल्या. रंग मारून मिळाला, सीटला कातडं चढलं, घंटीसुद्धा जुन्या आवाजाची मिळाली. अडलं ते डाव्या पायडलवर. नवी पायडलं तिला बसेनात. जुन्या बाजारातल्या भंगारवाल्यांच्या ढिगांत मी दोन रविवार हात घातले. नखं फुटली. उजवी पायडलं ढिगानं, डावं एक सापडेना. घरी आलं की अण्णांची पाठ. मी त्या पाठीला रोज सांगायची, "दसऱ्याला तुमच्यासाठी एक गंमत आहे बरं का." पाठ काय बोलणार.

खंडेनवमीच्या सकाळी उस्तादांचा फोन आला, पायडल मिळालं. मी नवऱ्याला घेऊन उडतच गेले. सायकल दुकानाच्या दारात तयार उभी, काळीभोर. पायडल उस्तादांच्या हातात. आणि आत फळीवर सगळे पाने ओळीनं मांडून त्यांवर झेंडूची फुलं वाहिलेली.

"बसवून द्या ना," मी म्हणाले.

"आज नै, बाई. माझा पार्टनर हा दिवस पाळायचा. पाना उठवायचा नाय आज. तो गेला त्याला पाच साल झाले, पण त्याचा दिवस मी मोडत नाय. उद्या दुकान बंद. परवा या."

"परवा? परवा कशाला? उद्या सकाळी त्या बाई शेवटच्या येणारेत!" त्यांना काय कळणार कुठल्या बाई. मी रस्त्यातच हातपाय आपटले. ते म्हणाले, "डाव्याचं काम वेगळं असतं, बाई, मीच बसवतो." मी त्यांच्या हातातून पायडल जवळजवळ हिसकावून घेतलं. बाईमाणसाला एक पायडल बसवता येत नाही की काय! हातपंपवाल्याची लेक मी.

घरी सकाळीच मी अण्णांचं बोचकं सोडून त्यांच्या पलंगासमोर पाट मांडला होता. जन्मात त्यांनी खंडेनवमी चुकवली नव्हती. पाने तेलानं पुसून मी पाटावर ठेवले, हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ ठेवला. या दिवशी अण्णा कुणालाही हत्याराला हात लावू देत नसत. एकदा पाऊस न झालेल्या कोरड्या साली गावातली माणसं पंप बंद पडला म्हणून दारात आली, तर म्हणाले, उद्या तांबडं फुटायच्या आधी येतो, पण आज नाय. आणि गेले तसे. सकाळी त्यांनी त्या पाटाकडं एकदा बघितलं होतं. मग भिंत.

आता मी सायकल आत आणली. पलंगाच्या अगदी कडेला स्टँडवर लावली. नवऱ्यानं अण्णांना उशांना टेकवून बसवलं. मी घंटी वाजवली.

"अण्णा, बघा तरी. तुमचीच आहे."

त्यांनी बघितलं. नीट बघितलं, मला दिसलं. आणि मग डोळे मिटले आणि मान वळवली.

माझ्यात काहीतरी तटकन तुटलं. किती महिने? सगळ्या गल्ल्या तुडवल्या, सुट्ट्या घातल्या, आणि या माणसाला मिटायला डोळेच सापडतात! मी पाटावरचा पाना उचलला. फुलं खाली सांडली. मी म्हणाले, "बघा नाहीतर नका बघू, मी हे बसवणारच." आणि खाली बसून पायडल क्रँकच्या, म्हणजे पायडल लागतं त्या दांडीच्या, भोकात लावलं आणि पिळायला लागले. जाईना. आणखी जोर लावला. करकर आवाज आला, लोखंडाचा बारीक चुरा माझ्या बोटांवर पडला.

वरून अण्णांचा आवाज आला. शब्द नव्हे, नुसता घशातला घोगरा आवाज. ते डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर थापा मारत होते. चेहरा लालबुंद.

"माहितीय मला, आज हात लावायचा नाय!" मी ओरडले. "नाय पाळायची मला तुमची खंडेनवमी! तुम्ही असे मरायला टेकलात, मग ही सायकल काय तुमच्या तेराव्याला मिरवू?"

बोलले आणि जीभ झडावी असं झालं. नवरा दारात उभा. बापाला तोंडावर असं बोलणारी लेक मी कुठं पाहिली नव्हती. मी मान खाली घालून पुन्हा पिळायला लागले, कारण दुसरं काय करू ते कळेना.

"पाना."

मला वाटलं नवरा बोलला. वर बघितलं. अण्णांनी डावा हात पुढं केला होता, पंजा उघडा.

"पाना," ते परत म्हणाले. जाड, अडखळत, पण साफ.

चार महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो माय नव्हता. मी पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी तो कपाळाला लावला. मग मला मानेनंच बाजूला हो म्हणून खुणावलं आणि नवऱ्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी त्यांना पलंगाच्या कडेवर आणून बसवलं, नवऱ्यानं पाठीमागून धरलं. त्यांनी पाना मांडीवर ठेवला आणि भोकात बोट घालून बघितलं. भोकातले आटे मी पिळून पिळून खाल्ले होते. ते माझ्याकडं असं रागानं बघायला लागले की विचारू नका. लहानपणी पंपाचा नट चिखलात पाडला होता तेव्हा असंच बघितलं होतं.

मग त्यांनी पायडल उचलून क्रँकच्या आतल्या बाजूला धरलं. मला खूण केली. क्रँक खाली कर, तिथून लाव. बाहेरचे आटे खराब, आतले शाबूत. तिकडून आत घातलं की येताना बिघडलेले आटेही सरळ होतात. मी पायडल आतून टेकवलं आणि सवयीनं उजवीकडं फिरवायला गेले. माझ्या मनगटावर फाटकन चापट बसली. अण्णांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. डावीकडं. मी डावीकडं फिरवलं, आणि ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. इतका वेळ मी त्याला उलटं पिळत होते.

क्रँक हलत होता, तो कुणी तरी दाबून धरायला हवा होता. मी हात पुढं केला. अण्णांनी तो ढकलला. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, जो त्यांनी चार महिने आपला मानलाच नव्हता, आणि तो क्रँकवर नेऊन ठेवला. बोटं क्रँकभोवती एकेक करून वळवली. मग पाना घेतला. त्या मेल्या हाताच्या वजनावर क्रँक धरून ते काम करत राहिले. घाम गळत होता, लाळ गळत होती, मी पुसायला गेले नाही. पायडल पार आत नेलं, परत काढलं, बाहेरून लावलं, आणि ते बसलं.

अण्णांनी पायडलला टिचकी मारली. ते गरगर फिरलं. पाना त्यांनी पुन्हा कपाळाला लावला आणि पाटाकडं बोट केलं. मी तो जागेवर ठेवला, सांडलेली फुलं गोळा करून वर वाहिली. माझी पाठ त्यांच्याकडं होती.

"डावं उलटं असतं," मागून आवाज आला. मग बराच वेळ थांबून, ओढून आणल्यासारखं, "माय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले, आणि त्या पाटासमोरच बसून ढसाढसा रडले.