तलावाकाठच्या रस्त्यावरची अक्का

भाचीचा, मीराचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत शिकवत होतो. "मामा, आई गेली... ओसरीत बसल्या बसल्याच." माझी थोरली बहीण, आमची अक्का. आज दीड महिना होत आला.

निलंग्याकडे तलावाच्या उत्तर काठाने एक लहानसा राज्यमार्ग जातो. सुरू होतो न होतो तोच संपतोही. त्याच्या कडेला अक्काचं घर. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे तिच्या सासरचं मातीचं जड माळवद कोसळलं. भावजी जागीच गेले. अक्का ढिगाऱ्याखाली होती, पोटात मीरा. लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती. पुढे या रस्त्यालगत नवं घर मिळालं, पण ती आत निजायची नाही. थंडीतही ओसरीत. जीव घाबरला की उठून रस्त्याने चालत सुटायची, एका बाजूला पाणी, दुसरीकडे ज्वारी. म्हणायची, "हितं वरून काही पडत न्हाई रे."

मीरा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि सगळ्यांसारखी लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला गेली. महिन्याभरातच रडत फोन. "आई, कोंडल्यागत होतंय गं." अक्काने बोचकं बांधलं. मी म्हणालो, "अक्का, तुला तिच्या लातूरच्या खोलीत राहायला जमायचं न्हाई. पोरीलाच घरी आण."

"तिला शिकायचं हाय. अन् कोंडणं म्हंजे काय, ते मला ठावं हाय. एकटीला कशी सोडू?"

दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. मी गेलो तेव्हा अक्का उंबऱ्यात बसून भाजी निवडत होती, पाठ खोलीकडे, तोंड जिन्याकडे. कपाळावर घाम. वर कुणी पलंग सरकवला की तिचे हात थांबायचे... मग पुन्हा चालायचे. रविवारी गावी जाऊन येऊ म्हटलं तर रविवारीच परीक्षा. अशी दोन वर्षं काढली तिने. एकदाही "चल घरी" म्हणाली नाही.

मीराचा डॉक्टरकीला नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अक्का एवढंच म्हणाली, "ऊठ. मला आता हवा पायजे." तलाव दिसू लागताच तिने एसटी थांबवायला लावली. सामानाची ट्रंक एसटीतून तशीच गावापर्यंत गेली. मायलेकी रस्त्याने चालत आल्या. मीरा सांगते, अर्ध्या वाटेत आई मोठ्याने रडली, अगदी मोकळी होऊन. त्या दोन वर्षांतलं सगळं. मग मीराच तिला धरून घरी घेऊन आली. पुढे मीरा नर्स झाली, उदगीरला लागली.

तेराव्यानंतर एका दुपारी आम्ही अक्काच्याच घरी होतो, तेव्हा तलावावरून वारा सुटला. दार धाडधाड आपटू लागलं म्हणून लावायला उठलो. हात वर-खाली फिरवला, पण कडीच सापडेना. मधल्या दारालाही नव्हती.

"आईनं बसवूच दिली न्हाई, मामा," मीरा म्हणाली. तिने बाहेरून एक दगड आणला, दाराला लावला... आणि दार सताड उघडं ठेवलं.