अकरा घरं लोपीसांची

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, पण आमच्या शाळेत कुणाला बोलू नका.

मी मूळचा कराडचा, माणिकपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आणि 'फ्रेंड' या शब्दाच्या वापरावर माझा भयंकर राग. इकडे कुणीही कुणाचाही फ्रेंड. गॅसवाला फ्रेंड, आधारकार्ड करून देणारा फ्रेंड, फोटोला एकदा लाइक दिलं तो तर एकदम जुना फ्रेंड. मी वर्गात दटावतो, की बाबांनो, नुसती ओळख म्हणजे फ्रेंड नव्हे, जो आपल्या सुखदुःखात असतो तो फ्रेंड. पोरं वहीत उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत कँटीनवाल्याला "फ्रेंड, एक समोसा" म्हणतात.

माझ्या व्याख्येत बसणारा माणूस स्टाफरूममध्ये एकच, वटारचे लोपीस सर. आणि त्यांच्याच चर्चच्या सणाला मी सलग तीन वर्षं दांडी मारलेली. त्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे जेवायला असतात. यंदा सर म्हणाले, "आता नाही आलात ना, तर मी पुन्हा बोलावणार नाही." म्हणाले हसून, पण डोळे काही हसत नव्हते. मला लागलं हो ते. हा माणूस तुटला तर त्या स्टाफरूममध्ये माझं आहे कोण?

म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, मोठा केक घेतला आणि रिक्षाने वटार गाठलं. गल्लीच्या तोंडाशी एका आजोबांना लोपीसांचं घर विचारलं. त्यांनी समोर बोट केलं. अंगणात मांडव, दारावर पाटी 'लोपीस'. याहून पुरावा काय हवा?

एक गृहस्थ लगबगीने पुढे आले. केक घेतला, हात धरून मला थेट ताटावर बसवलं. सर कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, चर्चकडे असतील, येतील, तुम्ही जेवून घ्या. सणाच्या दिवशी इकडे आल्यागेल्याला कोण, कुठला असं विचारत नाहीत, आधी वाढतात. मला वाटलं, हे सरांचे भाऊ. मटण दोनदा घेतलं. वडे किती खाल्ले, देवाला माहीत. त्यांच्या आईच्या पाया पडलो आणि वर ठोकून दिलं, की सर शाळेत सारखे तुमच्याबद्दल बोलत असतात. माउली सुखावली. कोण सर, हे तिनेही विचारलं नाही.

तेवढ्यात सरांचा फोन. "कुठे आहात? सगळे जेवायचे थांबलेत तुमच्यासाठी."

"तुमच्याच अंगणात बसलोय की," मी म्हणालो.

नव्हतो. त्या गल्लीत अकरा घरं लोपीसांची निघाली आणि आमचे सर शेवटच्या घरात.

रिकाम्या हाताने, गच्च पोटाने तिथे पोचलो. घरची सगळी माणसं खरंच उपाशी थांबली होती. आता जेवून आलो हे कुठल्या तोंडाने सांगणार? पट्टा एक भोक सैल केला आणि बसलो. दुसरा घास घेतो न घेतो, तोच ते मघाचे गृहस्थ दारात हजर. सणाला सगळे सगळ्यांकडे जातात, हे मी विसरलोच होतो.

"काय सर, अजून भूक आहे? आमच्याकडे तर मटण दोनदा घेतलंत."

ताटावरचे सगळे हात थांबले. लोपीस सरांचा चेहरा एकदम उतरला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"अहो, हे माझे फ्रेंड आहेत," मी म्हणालो. "अगदी जुने. वाटेत घर लागलं, सोडेनात."

"अस्सं?" सरांनी वाटी खाली ठेवली. "हा माझा चुलतभाऊ. काय नाव याचं?"

मी गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं.

"लोपीस," मी म्हणालो.

आधी सरांची आई हसली, मग सर, मग सगळं घर. हसता हसताच सरांनी चार वडे माझ्या ताटात टाकले आणि सगळे संपेपर्यंत समोरून हलले नाहीत.