धाकटीचे हात

राजाबाईनं त्रेचाळीस पुरी केली, पण भवानी पेठेत तिला कुणी साठीच्या आत धरत नाही. बावीस वर्षं रंगखान्यात उकळत्या हौदावर वाकून सुताच्या लडी फिरवल्या. केस गेले, दात पडले, नखं काळीनिळी झाली ती झालीच. थोरली बहीण मायाक्का मोहोळकडं मेंढरांमागं फिरते. पन्नाशी ओलांडली तरी ऊस दातानं सोलते.

राजाबाईच्या लेकीला, पूनमला, बघायला पाहुणे यायचे होते. चुलत दीर हिंदुराव मध्यस्थ. तो म्हणाला, "वयनी, तुमी आतच ऱ्हावा. आई म्हणून आक्काला बसवू. माणसं पोरीआधी आईला बघत्यात. पोरगी म्हातारपणी कशी दिसंल त्ये कळतं की."

राजाबाईला शिसारी आली. पण आधीची दोन स्थळं तिचं तोंड बघूनच परतलेली. पूनमला सत्ताविसावं लागलेलं. राजाबाई आत चुलीपाशी जाऊन बसली.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं, गोजरबाईनं, पोरीकडं एकदाच बघितलं, मग मायाक्काकडं बाजारातल्या म्हशीकडं बघावं तशी बघत राहिली. तोंडात सुपारी.

"हसा की जरा, विहीणबाई."

मायाक्का हसली.

"रगत चांगलं हाय," गोजरबाई म्हणाली. "पोरगी टिकंल. आमचा सोताचा रंगखाना हाय. रोजंदारीच्या बाया धा वर्सांत खंगत्यात बगा. घरची सून असली की बरं."

आतून राजाबाई बाहेर आली, बहिणीला खेटून बसली आणि आपला हात तिच्या हाताशेजारी पसरला.

"ह्या आजी का?" गोजरबाईनं विचारलं.

"आई. ही माझी थोरली. एका पोटच्या आमी, रगत एकच. खोटं वाटत असंल तर दात मोजा." तिनं तोंड उघडलं.

गोजरबाईनं नाकाला पदर लावला. "फसवलंसा की, हिंदुराव."

"व्हय, फसवलं," राजाबाई म्हणाली. "पर तुमी तरी कुटं सून बघत हुता? च्या घ्या आन् उठा."

चहा तसाच टाकून पाहुणे गेले. हिंदुराव चपला चाचपत पुटपुटला, "तिसरं स्थळ घालवलंसा, वयनी."

"त्या बाईच्या लुगड्यालाबी तुझ्यासारकाच वास हुता, आई," कप गोळा करता करता पूनम म्हणाली. "हौदाचा."

एका बशीत गोजरबाईनं चघळलेली सुपारी थुंकून ठेवली होती. पूनम ती धुवायला निघाली, तशी राजाबाईनं बशी तिच्या हातातून काढून घेतली आणि सुपारीसकट कचऱ्यात टाकली.