वेताच्या खुर्चीमागचे पापनिवेदन

आठव्या वर्षापर्यंत माझी मुलगी घराबाहेरच्या कोणाशी एक अवाक्षरही बोलली नव्हती. हा स्वभाव तिने दुसऱ्या कोणाकडून नव्हे, माझ्याकडूनच घेतला होता. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली, पण वाण्याच्या दुकानात तुरीची डाळ मागतानासुद्धा माझा घसा कोरडा पडत असे. त्यामुळे मुलीला घरीच शिकवायचे ठरले, तेव्हा मला मनातून बरेच वाटले. सोलापुरात आमच्या धर्माचे शिक्षण मिळेल अशी मुलींची शाळा जवळपास नव्हती, हे कारण खरेच होते. परंतु ते मला सोयीचेही होते, हे नाकारता येणार नाही.

आमची शाळा स्वयंपाकघरात भरे. डाळ निवडताना गणित, भाकरी थापताना भूगोल आणि संध्याकाळच्या रोझरीच्या जपाआधी धर्मशिक्षण. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते सकाळी बाहेर पडले की दिवसभर मी जिच्याशी मोकळेपणाने बोलत असे, अशी ती मुलगी एकटीच होती.

त्या वर्षी तिला पहिला ख्रिस्तप्रसाद, वेदीवरची पवित्र भाकर, द्यावयाचा होता. तिची तयारी पाहण्यासाठी आमच्या देवळाचे फादर घरी आले. ते परदेशी होते आणि मराठी त्यांनी जाडजाड ग्रंथांतून आत्मसात केली होती. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी मोठ्या प्रेमाने विचारले, “हे कन्ये, परमेश्वराने तुला कशासाठी निर्माण केले?”

या प्रश्नाचे उत्तर तिला झोपेतही येत असे. पण ती माझ्या पदराआड गेली. मी तिला पुढे ढकलले. ती पुन्हा मागे आली. असे काही वेळ चालले.

शेवटी फादर म्हणाले, “कन्ये, तुझ्या मुखात जिव्हा आहे अथवा नाही?”

मुलगी आज्ञाधारक होती. तिने पदराआडून तोंड बाहेर काढले आणि फादरांना जीभ दाखवली.

“जिव्हा आहे,” फादर गंभीरपणे म्हणाले. “वाणी नाही.” मग माझ्याकडे वळून त्यांनी निर्णय सांगितला. ख्रिस्तप्रसादाआधी फादरांजवळ पापनिवेदन करावे लागते, आणि ते दुसऱ्या कोणी तिच्या वतीने करू शकत नाही. ईस्टरपूर्वी तिने स्वतःच्या तोंडाने ते केले तर ठीक; नाहीतर जूनमध्ये तिला पुण्याच्या सिस्टरांकडे वसतिगृहात पाठवावे. तेथे चार मुलींत ती बोलू लागेल.

“अगदी बरोबर, फादर,” यजमान म्हणाले. फादर कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच ते त्याच खुर्चीत बसले आणि भुवया उंचावून म्हणाले, “हे भार्ये, तुझ्या चुलीवर चहा आहे अथवा नाही?” मुलगी हसून लोळली. मीही हसले, परंतु पुण्याचे नाव काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी सरावास प्रारंभ केला. वेताच्या खुर्चीची पाठ जाळीदार होती. देवळातील पापनिवेदनाच्या खिडकीला अशीच जाळी असते; फादर तिच्याआड बसून ऐकतात. मी खुर्चीवर बसून तोंड भिंतीकडे करी आणि मुलगी मागे गुडघे टेकून जाळीशी तोंड नेई. मी तिला बजावले होते, की हा केवळ सराव आहे, पापे लटकीच सांगावीत. पण लटके बोलणे हेच पाप, असे तिला आदल्याच आठवड्यात शिकवले गेले होते. त्यामुळे ती खरीच पापे सांगू लागली, आणि ऐकलेले विसरून जाण्याचा फादरांचा नियम मला पाळावा लागला.

अडचण दुसरीच होती. आमच्या भिंतीला लागून विणकरांचे घर होते. ती मंडळी घरात तेलुगू बोलत आणि बाहेर सोलापूरची मराठी. त्यांचे दोन हातमाग दिवसभर खटाक्‌खट चालत. त्या आवाजात मुलीची कुजबूज मला मुळीच ऐकू येत नसे.

“मोठ्याने, बाळ.”

ती थोडे मोठ्याने बोले.

“आणखी मोठ्याने. देवासमोर लाजायचे कशाला?”

ईस्टरआधीचा उपवासकाळ अर्धा सरला, तोवर तिचा आवाज मागांवर मात करू लागला होता. माझ्या मुलीचा आवाज एवढा असेल, अशी मला कल्पनाही नव्हती. मी हर्षभरित झाले. एके दुपारी पलीकडे बहुधा धागा तुटला आणि दोन्ही माग एकदम थांबले. त्या शांततेत आमच्याकडून स्पष्ट शब्द निघाले, “मी दुधावरची साय खाल्ली आणि मांजराचे नाव सांगितले!”

शेजारच्या अक्का हात पुशीतच दारात आल्या.

“काय ओ मास्तरीणबाई, पोरीला एवढं कशापायी दरडावताय? सायच खाल्ली की!”

“दरडावत नाही, अक्का. तिचा धर्माचा अभ्यास चालला आहे.”

“साय खायाचा?”

मी अडखळत सारे समजावून सांगितले. अक्कांनी लक्ष देऊन ऐकले.

“म्हंजे केलेलं समदं त्या फादरला सांगायचं? आन्‌ त्यो कुनाला बोलत न्हाय?”

“प्राण गेला तरी नाही.”

“असा मानूस आमच्या गल्लीत एक बी न्हाय बगा,” अक्का म्हणाल्या. मग दारातल्या मांजराकडे पाहत त्या ओशाळल्या. “तुमची साय खाल्ली म्हनून मी काल लाटनं हानलं की वो हिला!”

ईस्टरच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. रेल्वेची बरीच कुटुंबे पापनिवेदनासाठी बसली होती. इतकी शांतता होती की जपमाळेचे मणी सरकलेले ऐकू येत. मुलगी पांढऱ्या झग्यात लाकडी खिडकीशी गेली आणि तिने गुडघे टेकले. ती बोलली नाही तर? मी डोळे मिटून प्रार्थना करू लागले, की देवा, तिला वाणी दे.

“फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केले आहे!”

आढ्यावरची कबुतरे उडाली. पुढच्या बाकावरच्या बाईंची जपमाळ जागीच थांबली.

साय झाली. मांजर झाले. चुकलेला गुणाकार पुसून ‘केव्हाच सोडवला’ म्हणून सांगितल्याचे झाले. हे मला नवीन होते. मी खुणेने तिला थांबवू पाहत होते, पण तिची पाठ आमच्याकडे होती.

“आणि मी तुमच्या बोलण्याला हसले! बाबा तुमची नक्कल करतात तेव्हा रोज हसते!”

यजमान देवळाचे छप्पर बारकाईने न्याहाळू लागले. आतून फादरांचा हलका, समजावणीचा स्वर आला.

“एकटी नाही, फादर! आईसुद्धा हसते!”

ती उठून परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा उजळला होता. यानंतर माझी पाळी होती. खिडकीपर्यंतचे अंतर मी कशी चालले ते माझे मला ठाऊक. फादरांना सारे कळले होते, साऱ्या देवळाला कळले होते; परंतु पापनिवेदनात ऐकल्याचे त्यांना कोणासमोर दाखवताही येत नव्हते. मी जाळीशी तोंड नेऊन ओठांतल्या ओठांत म्हणाले, की मी एका सत्पुरुषाच्या भाषेला हसले.

आतून आवाज आला, “बाई, किंचित मोठ्याने.”

सर्व आटोपल्यावर फादर पायरीवर येऊन उभे राहिले. यजमानांनी टोपी हातात घेतली आणि खाली मान घालून विचारले, “मग फादर, जूनमध्ये पुण्याचे काय करायचे?”

फादरांची मुद्रा अत्यंत गंभीर होती. दाढी तेवढी थरथरत होती. मुलीला धीटपणाबद्दल शाबासकी द्यावी किंवा पुढच्या खेपेस हळू बोल म्हणून सांगावे, तर तेही त्यांना करता येईना. त्यांनी खूप विचार करून शब्द निवडले.

“पुण्याच्या सिस्टरांना शांतता अतिशय प्रिय आहे,” ते म्हणाले. “कन्या स्वगृहीच राहो.”

मला त्यांचे आभार मानायचे होते. शब्दही मनात जुळले होते, पण घसा कोरडा तो कोरडाच. तेवढ्यात माझा पदर बाजूला सारून मुलगी पुढे झाली.

“आम्ही आपले आभारी आहोत, फादर!”

फादर एक पाऊल मागे सरले.