रिकाम्या बोटीत बसू नये

सिल्वासात आमलीच्या नाक्यावर मसाटला जाणाऱ्या रिक्षा उभ्या असतात. मागे तीन आणि पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे लोक चढल्याशिवाय त्यांचं चाक हलत नाही. म्हणून शहाणा माणूस रिकाम्या रिक्षात बसत नाही. पानटपरीच्या आडोशाला उभं राहून अंदाज घ्यायचा आणि शेवटची जागा उरली की झेप टाकायची, हे शिक्षण मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेच्याही आधी दिलं. आबा मूळचे धुळ्याकडचे, मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आहेत. पहिला बसतो तो बकरा, असं त्यांचं ठाम मत.

मी शिकायला हॅम्बुर्गला जायचं ठरवलं तेव्हा सगळे थंडीचं आणि खाण्यापिण्याचं विचारत होते. आबांचा आक्षेप वेगळाच होता.

"एकट्या मानसाला कोन इचारतं बाई तिकडे? एका मानसासाठी इथं रिक्षाबी निघत नाही."

पहिल्या मोकळ्या दिवशी शहर बघायला निघेन आणि तिथल्या नदीवरच्या बोटीतून तुम्हाला सगळं दाखवीन, असं मी कबूल केलं. माझ्यामागे फोनमध्ये भरपूर माणसं दिसली पाहिजेत, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आबांचा जीव त्याशिवाय खाली पडला नसता.

तो दिवस उजाडला. बस आणि बोट दोन्हींना चालणारा पास गळ्यात अडकवून मी सकाळीच बाहेर पडले. थांब्यावर एक बस उभी होती, आत चिटपाखरू नाही. मी पावाच्या दुकानाच्या आडोशाला गेले आणि ती भरायची वाट बघत राहिले. बस निघून गेली. वाट बघून चालक कंटाळला असेल बिचारा, मला वाटलं. बऱ्याच वेळाने एक खच्चून भरलेली बस आली, तिच्यात चेंगरत चढले आणि स्वतःवर खूश झाले.

कालव्यांच्या काठाची लाल विटांची गोदामं बघितली, एका पुलावर उभं राहून घरून आणलेली दशमी खाल्ली. आजूबाजूला सगळे दोघंदोघं, चौघंचौघं. माझा फोटो काढायलासुद्धा कुणाला सांगावं कळेना. आबा म्हणत होते ते खरं की काय, या विचाराने उरलेली दशमी परत डब्यात ठेवली.

नदीवर आले तर तिथेही तेच. रिकाम्या बोटी धक्क्याला लागत होत्या आणि रिकाम्याच जात होत्या. धुवायला नेत असतील, अशी मी समजूत काढली. मग एक भरलेली आली. मी झेप टाकली, पण फाटक माझ्या तोंडावर बंद झालं.

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो, फक्त जेवणाच्या सुट्टीत मिळतो. आबांची दुसरी पाळी होती, तिकडे अंधार पडला होता. आबा डबा उघडून ट्यूबलाइटखाली बसले होते आणि बाजूला दोघंतिघं माना वाकवून बघत होते. मी पाणी दाखवलं, मोठाली जहाजं दाखवली. बोटीत कधी बसणार, त्यांनी विचारलं. समोर दुसरी बोट लागलेली होतीच.

"थांब, बसू नको," आबा म्हणाले. "रिकामी हाय ती. भरनार कव्हा आन् निघनार कव्हा?"

मला ते शंभर टक्के पटलं. पण त्यांची सुट्टी संपत आली होती. शेवटी झाले बकरा आणि चढले. खाली एक म्हातारी कुत्र्याला घेऊन बसली होती, वरच्या मजल्यावर मी. दिवसभर जे झाकलं होतं ते आता आबांना उघडं दिसणार होतं: रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि पुढे मी एकटी. मला रडू यायला लागलं.

बोटीचा भोंगा वाजला. कुणीतरी दोर सोडला आणि काठ मागे सरकू लागला.

आबांचा घास हातातच राहिला. "निघाली?"

"निघाली."

"तुझ्या एकटीसाठी?"

म्हातारीचं आणि कुत्र्याचं सांगणार होते. पण त्यांचा चेहरा बघून म्हटलं, "हो आबा."

त्यांनी फोन बाजूच्या माणसांकडे वळवला. "बघा रे. माझ्या पोरीसाठी बोट सोडली त्यायनी." मग बराच वेळ मला आबा दिसलेच नाहीत. नदी बघणारे अनोळखी चेहरे तेवढे दिसत राहिले.

तिकडे एकटी पडलीस का, हे आबांनी त्यानंतर विचारलेलं नाही. बोटीला वेळापत्रक असतं हे त्यांना ठाऊक नसेल, असंही नाही. एसटीने धुळ्याला जाऊन-येऊन त्यांचे केस पांढरे झालेत.