छत्रीच्या गोष्टीतला एक सूर

शाईबाईंवर मी दोन वर्षं जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द आले तर ते माझ्याकडून ओढून काढलेले आहेत हे लक्षात राहील.

त्या आमच्या वाद्यवृंदात नकलनवीस होत्या. संचालकांसमोर जी जाडजूड वही उघडलेली असते, तीत सगळ्या वाद्यांचं वादन एकाखाली एक लिहिलेलं असतं. वादकाला मात्र फक्त आपल्यापुरतं हवं असतं. ते निवडून वेगळ्या कागदावर हाताने उतरवून देणं हे शाईबाईंचं काम. उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी, म्हणून शाईबाई. खरं नाव हजेरीच्या वहीत असावं, पण ते कुणी वाचायला गेलं नाही.

जिन्याखाली त्यांची खोली होती. छत उतरतं, त्यामुळे आत शिरणारा प्रत्येक जण पहिल्यांदा कपाळ आपटून घ्यायचा आणि शाईबाई मान वर न करता ‘बसा’ म्हणायच्या. बसायला दुसरं स्टूल नव्हतं. त्या सुरांचे ठिपके लिहिताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायच्या, आणि मधे कुणी बोललं की हात वर करून थांबवायच्या, रस्त्यावरचा पोलीस थांबवतो तसं.

वाजवताना पान उलटायला हात मोकळा नसतो, ही आम्हा लोकांची जुनी अडचण. शाईबाई प्रत्येक पान अशा जागी संपवायच्या की तिथे त्या वाद्याला पाच-सहा मात्रांची विश्रांती असेल. त्यासाठी कधीकधी अर्धं पान कोरं सोडायच्या. एकदा ऑफिसातून कागदाच्या नासाडीबद्दल विचारणा झाली, तेव्हा त्यांनी उत्तर पाठवलं की वादकांना तिसरा हात लावून द्या, मी पान शेवटच्या ओळीपर्यंत भरीन. माझ्या प्रतीवर एकदा कॉफीच्या कपाचं गोल उमटलं. त्यांनी भर तालमीत हॉल ओलांडून ती प्रत माझ्यासमोर ठेवली, शेजारी एक बशी ठेवली आणि परत गेल्या. सगळा वाद्यवृंद हसला. म्हणजे तोवरही माझं त्यांच्याशी फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही.

खरी ठिणगी पडली ती लहान मुलांच्या रेकॉर्डमुळे. निवेदकाने गोष्ट सांगायची, आणि आम्ही सगळ्यांनी ती वाद्यांवर रंगवायची, असा बेत होता. गोष्ट एका छत्रीची. ती बसमध्ये विसरली जाते आणि आपल्या मालकाला शोधत गावभर हिंडते. क्लॅरिनेट म्हणजे छत्री. बासरी म्हणजे वारा. ट्रॉम्बोन म्हणजे जांभया देणारा पहारेकरी. ढोल म्हणजे टपालाची गाडी. आणि आम्ही चार व्हिओलावाले म्हणजे कुणीच नाही. व्हिओला दिसायला व्हायोलिनसारखा, आकाराने थोडा मोठा आणि आवाजाने जाड. नेहमी सगळ्यांच्या मधे असतो, म्हणून कुणाला वेगळा ऐकू येत नाही. अख्ख्या गोष्टीत आमच्या वाट्याला एकच जागा होती. छत्री संध्याकाळी बागेतल्या बाकावर एकटी पडलेली असते, निवेदक बोलत असतो, आणि त्याच्या शब्दांखाली एकच व्हिओला सोळा मात्रा एक सूर धरून राहतो. तो व्हिओलावाला मी.

निवेदनाला नाटकातला एक नामांकित नट आणला होता. आवाज भरदार, पण गडी कधी दोन मात्रा आधी बोलायचा, कधी तीन मात्रा उशिरा. शाईबाईंना वही घेऊन त्याच्या शेजारी बसवलं, त्याची पाळी आली की त्यांनी खांद्यावर बोट टेकवायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापाशी काळे ठिपके दिसले आणि तो तणतणत निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी संचालकांना गाठलं. म्हटलं, मी वाचतो, मला मात्रा कळतात, घरी मुलीला रोज गोष्टी सांगून जिभेला वळण आहे. त्यांनी मला एक पान वाचायला दिलं, मान डोलावली आणि उद्या बघू म्हणाले. मी ते पक्कंच धरलं. घरी जाऊन माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सांगितलं की या रेकॉर्डमध्ये गोष्ट सांगणारा माणूस तुझा बाबा आहे. बायको म्हणाली, आधी होऊ तर दे. तोवर मुलगी शेजारच्या दोन घरांत सांगून आली होती.

दुसऱ्या दिवशी संचालक मला म्हणाले की बाकावरचा सूर धरायला तुमच्याशिवाय कोण आहे, आणि शाईबाईंना म्हणाले, तालमीपुरतं तुम्ही वाचा. शाईबाईंनी चष्मा पुसला, काळं बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागल्या. काही म्हणता काही अभिनय नाही. घरातल्या माणसाला ‘दार लोटून घे’ म्हणावं इतका साधा आवाज. पण टपालाच्या गाडीच्या जागी ढोलवाला ढोल वाजवायचा विसरला, कारण तो पुढे काय होतंय ते ऐकत बसला होता. तालीम संपल्यावर दुसरा निवेदक शोधायचा विषयच कुणी काढला नाही.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. मी घरी काय तोंड दाखवणार होतो? मी मुलीला सांगितलं की गोष्ट दुसरं कुणी सांगणार आहे, पण बाकाच्या जागी मी एकटा असेन, सगळ्यांत महत्त्वाची जागा तीच. तिने ते मुकाट्याने मान्य केलं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी शाईबाई काचेमागे बसल्या होत्या. बाकाची जागा आली. माझ्या प्रतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं, ‘अगदी हळू, आवाजाखाली’. मी तारेवर कमान दाबली. चांगली दाबली. संचालकांनी थांबवलं, पुन्हा घेतलं. मी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा मी थोडी सैल सोडली, पण थोडीच. ध्वनिमुद्रक कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, राहू द्या, मी सांभाळून घेतो. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

रेकॉर्ड आली. आम्ही तिघं जण सतरंजीवर बसून ऐकत होतो. बाकाची जागा आली, शाईबाई बोलल्या, आणि त्यांच्या शब्दांखाली काहीच नव्हतं. ध्वनिमुद्रकाने माझा मायक्रोफोन त्या जागी बंद करून टाकला होता. सांभाळून घेतो म्हणाला ते हे.

मुलीने विचारलं, “बाबा, तू कुठेयस?”

मी म्हणालो, “आहे की. फार खालचा सूर आहे. कान तयार झाला की ऐकू येईल.”

त्या दिवसापासून पोरीने कान तयार करायला घेतला. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि सुई बरोबर बाकाच्या जागी ठेवायची. ती जागा सापडावी म्हणून तिने रेकॉर्डच्या मधल्या कागदावर खडूने खूण केली होती. स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची, कानावर जाळीचे वळ उठायचे. मी ऐकू येईन या आशेवर ती ऐकायची आणि ऐकू यायच्या शाईबाई. महिनाभरात बाकाचा प्रसंग तिला त्यांच्या आवाजासकट पाठ झाला. पुढे पुढे ती सगळंच त्यांच्यासारखं बोलायला लागली. मला पाय पुसून घरात या म्हणून सांगायची तेही त्याच साध्या आवाजात, थांबत-थांबत. झोपताना मी गोष्ट सांगायला बसलो की म्हणायची, तू नको, रेकॉर्ड लाव. बायकोने मला चिडवून घेतलं. म्हणाली, घरात सवत आणलीस ती तुझीच. मी हसलो, पण मला ते लागलं होतं.

मग मी शाईबाईंशी हलकटासारखा वागायला लागलो. त्यांच्या प्रतीत चुका शोधायचो. दोन वर्षांत एक सापडली, तीही संचालकांच्या वहीतच होती. जिन्याखालून जाताना त्यांनी बसा म्हटलं तरी मी थांबायचो नाही. दुसऱ्या रेकॉर्डचं ठरत होतं, तेव्हा मी संचालकांना सुचवलं की मुलांना आता बदल हवा असेल. ते म्हणाले, तुमच्या मुलीला विचारा.

आणि मुलीनेच घोटाळा केला. एका रविवारी सकाळी मी तिला तालमीला घेऊन गेलो होतो. जिन्याखालच्या खोलीतून कुणाला तरी ‘बसा’ म्हटलेलं ऐकू आलं आणि माझी मुलगी जागच्या जागी थिजली. मग धावत आत गेली. तिला कपाळ आपटायची भीती नव्हती, तेवढी उंचीच नव्हती. मी पोचलो तेव्हा तिने शाईबाईंचा काळा हात दोन्ही हातांत धरला होता आणि दुपारी घरी यायचं कबूल करून घेतलं होतं.

शाईबाई आल्या. सतरंजीवर बसल्या, बायकोने दिलेला चहा बशी मागून घेऊन प्यायल्या. मुलीने रेकॉर्ड लावली, खुणेवर सुई ठेवली आणि कुजबुजत म्हणाली, “इथे बाबा आहे. मला अजून ऐकू येत नाही.”

शाईबाईंनी ऐकलं. त्या सुराची प्रत त्यांनीच लिहिली होती, तिथे काय असायला हवं आणि ते नाही हे त्यांना एका क्षणात कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आता सगळं बाहेर येणार होतं.

“परत लाव बरं,” त्या म्हणाल्या. “आणि डोळे मीट.”

मुलीने स्पीकरला कान लावून डोळे मिटले. रेकॉर्डमधल्या शाईबाई बोलू लागल्या, आणि सतरंजीवरच्या शाईबाईंनी तोंड मिटून गळ्यातून तो सूर धरला. अचूक तोच. मला सोळा मात्रांसाठी जो नीट धरता आला नव्हता, तो त्यांनी अगदी हळू, आवाजाखाली, न डळमळता धरला.

मुलीने डोळे उघडले नाहीत. आधी तिचा चेहरा फुलला, मग ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. “ऐकू आला. बाबा, तू ऐकू आलास.”

दोन वर्षं मी हीच मिठी मागत होतो. ती मिळाली, आणि तीही त्या बाईंकडूनच. माझ्या वाटचा सूरसुद्धा त्यांनीच वाजवला होता, माझ्यापेक्षा चांगला, आणि वर मला दिला होता. शाईबाई चहाची बशी पुसत होत्या, जणू काही घडलंच नाही. मी गप्प राहिलो असतो तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. पण ते मला गिळता येईना.

मी मुलीला खाली बसवलं. म्हणालो, “तो मी नव्हतो. तो त्यांनी आत्ता गायला. रेकॉर्डमध्ये मी नाहीच आहे. पहिल्यापासून नाही.”

ती आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. तिच्या कानावर जाळीचे वळ अजून होते. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“का नाहीस?”

“मी फार जोरात वाजवलं. म्हणून काढून टाकलं.”

“मला ऐकू यावं म्हणून वाजवलंस?”

केवढी सोपी वाट करून दिली होती पोरीने. बायकोनेही मान हलवून मला हो म्हणायला सांगितलं.

“नाही,” मी म्हणालो. “त्या ऐकू येऊ नयेत म्हणून.”



“मग बरं झालं काढलं,” मुलगी म्हणाली, आणि सुई उचलून तिने गोष्ट पहिल्यापासून लावली.